देवक आधी बसलं

पहिला आकडा मला कुणी सांगितला नाही, मीच वाचला. आयसीयूत प्राप्तीच्या कॉटजवळ उभी होते. सिस्टरने एसटीच्या तिकिटासारखा एक लांबट कागद तिच्या फाइलला टाचला. त्यावर बरंच काही होतं. लॅक्टेटच्या पुढे पाच पॉईंट दोन, आणि बाजूला वर जाणारा बाण.

मी केमिस्ट्रीत बीएस्सी केलंय, अलिबागला. लॅक्टेट मला परीक्षेपुरतं माहीत होतं. खूप धावलं की पाय भरून येतात, तेव्हा अंगात वाढतं ते. आठ महिन्यांची पोर. ती कुठे धावली होती?

डॉक्टरांनी बाहेर बोलावून समजावलं. हृदयाच्या पडद्याला भोक होतं ते बुजवलंय, ते काम छान झालंय. पण हृदय दमलंय. अंगभर पुरेसं रक्त पोचत नसलं की लॅक्टेट वाढतं.

"किती हवं?" मी विचारलं.

"दोनच्या आत आलं की आम्हालाही झोप लागते."

"आणि नाही आलं तर?"

"आपण दर काही तासांनी बघतोय," ते म्हणाले. रितेशने, माझ्या नवऱ्याने, मान हलवली, जणू त्याला उत्तर मिळालं होतं.

तारीख आम्हाला अचानक मिळाली होती. दुसऱ्या एका मुलाला ताप आला, त्याची मंगळवारची जागा रिकामी झाली. घरी दिराचं लग्न तोंडावर. शुक्रवारी हळद, शनिवारी लग्न. सासूबाई म्हणाल्या, "दिपेशचं होऊन जाऊ दे गो, मग करू." मुंबईच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, तुमची मुलगी दूध पिताना घामाने भिजते, तिला लग्नाचं काय सांगता? मग आम्ही मांडवाचे बांबू अंगणात पडलेले तसेच ठेवून रेवसहून लाँच पकडली.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर हेमाली म्हणून एक जण आल्या होत्या. माझ्याच वयाच्या, केसांना काळं रबर, पायात घसरणारी चप्पल. त्यांचा अभ्यास चालू होता. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलांपैकी कुणाला पुढे त्रास होणार, हे रक्तातून आधीच ओळखता येतं का, ते त्या बघत होत्या. किडनीला मार बसला तर नेहमीची तपासणी ते उशिरा सांगते, म्हणाल्या. पण रक्तात एक प्रथिन असतं, ते काही तासांतच वाढतं असं दिसतंय. हृदयावर ताण आला की वाढणारं आणखी एक. त्यासाठी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर थोडं जास्तीचं रक्त लागेल, अर्धा चमचासुद्धा नाही.

"म्हणजे भविष्य सांगणारं रक्त," रितेश म्हणाला.

"भविष्य नको म्हणायला. हवामान खातं म्हणा."

"मग तर चुकणारच!"

त्या हसल्या. मीही हसले. त्यानंतर तिथे मी हसल्याचं मला आठवत नाही.

बुधवारी सकाळी सात पॉईंट आठ होतं. मी घरच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपचं नाव 'आमचा मांडव', लग्नापुरता काढलेला. त्यावर कुणी फेट्यांचे रंग टाकत होतं, कुणी डीजेवाल्याचा नंबर. त्यांच्यामध्ये माझा आकडा. खाली कुणीतरी हात जोडले, कुणी कालचाच देवीचा फोटो परत टाकला.

थोड्या वेळाने दत्ताकाकांचा फोन आला. दत्ताकाका म्हणजे माझे चुलत सासरे. सासरे गेल्यापासून घरातल्या मोठ्या गोष्टी तेच ठरवतात.

"सूनबाय, तू शिकलेली हायस. मला सरळ सांग. किती टक्के?"

"काका, टक्के नसतात तसे."

"मग आकडे कशाला घेतात?"

मी म्हटलं, दोनच्या आत हवंय, आठच्या जवळ आहे आणि वाढतंय.

"नाय उतरला तर?"

"तर मग... कठीण."

"बरं," काका म्हणाले. त्या 'बरं'नंतर त्यांनी फोन ठेवला नाही. मागे कुणीतरी बांबू ठोकत होतं, ते ऐकू येत राहिलं. मग म्हणाले, "तू काय खाल्लंस का? खा," आणि ठेवला.

दुपारी रितेश म्हणाला, घरी जाऊन येतो. कपडे आणतो, टेम्पोच्या चाव्याही माझ्याकडेच राहिल्यात, उद्या दुपारपर्यंत परत. मी जा म्हटलं. त्याला आत जायला जमत नव्हतं. पहिल्या दिवशी तो कॉटपर्यंत गेला आणि नळ्या बघून तसाच मागे फिरला, भिंतीला हात लावत. तेव्हापासून आत मी एकटीच जायचे. तो बाहेरच्या बाकड्यावरून विचारायचा, किती? मी आकडा सांगायचे.

संध्याकाळी नऊ पॉईंट चार. तोही मी ग्रुपवर टाकला. का टाकला, सांगता येत नाही. इतर बायका रडत होत्या, एक जण जिन्यात बसून जप करत होती. मला आकडा पाठवण्यापलीकडे काही येत नव्हतं. प्राप्तीचं अंग सुजलं होतं. डोळ्यांवर ओला कापूस. तिच्या छातीच्या पट्टीकडे मी बघत नसे, मी त्या कागदाकडे बघत असे. लघवी कमी होतेय, सिस्टर म्हणाली. मी तेही लक्षात ठेवलं.

गुरुवारी सकाळी बाहेरच्या बाकड्यावर चहा घेत फोन बघत होते. नणंदेचं, शिवानीचं, स्टेटस वर आलं. गाणं लावलेलं, कडेला बदाम आणि फुलं. आमचं अंगण. मांडव पूर्ण उभा. पाटाजवळ देवकाची उंबराची डहाळी, बाजूला धवलारीण बसलेली, आमच्या आगरी लग्नात विधीची गाणी म्हणणारी, तिचं तोंड उघडं होतं. पाटावर रितेश. ओले केस, खांद्यावर नवा टॉवेल. शेजारच्या पाटावर तांदळाची लहानशी रास आणि तिच्यावर हळदकुंकू लावलेली एक सुपारी.

ती सुपारी म्हणजे मी होते. देवक बसवायला जोडपं लागतं. सासरे नाहीत, म्हणून मोठा मुलगा आणि सून बसणार, हे आधीपासूनच ठरलेलं. सून हजर नसली की तिच्या जागी सुपारी ठेवतात. त्यात चुकीचं काही नाही, सगळीकडे ठेवतात.

पण देवक शुक्रवारी बसायचं होतं. हळदीच्या सकाळी. मी तारीख परत बघितली. गुरुवारच होता.

चहा थंड झाला तरी मी कप धरून होते. आमच्याकडे एकदा देवक बसलं की लग्न पार पडेपर्यंत त्या घराला सोयर नाही, सुतक नाही. कुणी जन्मलं तरी, कुणी गेलं तरी. कार्य थांबत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही लहानपणापासून माहीत होतं. माझ्या मामाच्या लग्नात त्याची आजी गेली तेव्हा देवक बसलेलं होतं म्हणून वरात निघाली, आणि सगळे म्हणाले, म्हातारीने बरोबर वेळ साधली.

रितेश सांगितल्याप्रमाणे दुपारी आला. हातात पिशवी. कपाळावरचं कुंकू त्याने पुसलं होतं, पण नीट नाही.

"किती?" त्याने विचारलं.

"कपडे आणलेस?"

"आणलेत. आईने तांदळाच्या भाकऱ्या दिल्यात. किती आहे?"

"शिवानीचं स्टेटस बघितलं मी."

तो बाकड्यावर बसला. पिशवी मांडीवरच ठेवली. आम्ही एकाच कॉलेजात होतो. तेव्हापासून, सापडला की हा असाच बसतो, गुडघे जुळवून.

"काका म्हणाले," तो म्हणाला.

"काय म्हणाले?"

"की बसवून घेऊ. आज काय नि उद्या काय."

"कुणाचं सुतक लागणार होतं, रितेश?"

तो पाण्याच्या कूलरकडे बघत राहिला. एक बाई बाटली भरत होती. ती भरून गेली.

"कुणाचंच नाही."

"मग आज का?"

"तूच पाठवलास ना आकडा," तो म्हणाला. ओरडून नाही. अगदी हळू. "कठीण आहे, असं तूच काकांना बोललीस. नवरीकडे मांडव घातलाय, पाहुणे आलेत. आता मोडलं तर थेट दिवाळीनंतरचा मुहूर्त. दिपेश रडत होता. बोलला, मला नाय करायचं लग्न. काकांनी त्याला शिव्या घातल्या."

"आणि आई?"

त्याने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले.

"उंबर आणायला आईनेच पाठवलं मला."

मी राग शोधला. पर्समध्ये चावी शोधतो तसा, सगळे कप्पे चाचपून. सापडला नाही. त्याच्या पिशवीतून भाकऱ्यांचा वास येत होता आणि मला भूक लागली होती, एवढंच कळत होतं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तो बघत होता. मग म्हणाला, "अमिषा, मी बसलो खरा पाटावर. पण धवलारीण काय गात होती त्यातला एक शब्द मला ऐकू आला नाही."

"बरं," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी आकडे देणं बंद केलं. ग्रुपवर काही टाकलं नाही. रितेशने एकदा 'किती' विचारलं, तेव्हा मी नुसती मान हलवली. त्याने परत विचारलं नाही. आत जाऊन बघायची त्याची हिंमत होत नव्हती, आणि मला ते बरंच होतं.

गुरुवारी संध्याकाळी आठ पॉईंट नऊ. शुक्रवारी सकाळी चार पॉईंट एक.

चार पॉईंट एक. मी कागद दोनदा वाचला आणि तारखेसह वेळही बघितली, दुसऱ्याच कुणाचा तर नाही ना म्हणून. सिस्टर म्हणाली, "उतरतंय ना, बघितलंत? लघवीही सुटलीय." मी हो म्हटलं. डॉक्टर म्हणाले, चांगली दिशा आहे. बाहेर आले. रितेश बाकड्यावरून उठून उभा राहिला. मी त्याच्या शेजारून तोंड धुवायला गेले. तो आकडा मी कुणाला दिला नाही.

बेसिनपाशी डॉक्टर हेमाली भेटल्या. हातात बर्फाचा डबा, त्यात छोट्या नळ्या.

"तिच्या नळ्यांमध्ये काय निघालं?" मी विचारलं.

"अजून तपासल्याच नाहीत. सगळ्या मुलांचं रक्त गोठवून ठेवतो आणि शेवटी एकदम तपासतो. तुम्हाला काय, मलाही माहीत नाही."

"पण तिच्या रक्तात मंगळवारीच होतं ते. काय होणार ते."

"असेल. तेच तर शोधतोय." मग त्यांनी डबा खाली ठेवला. "पुढेमागे हे पक्कं झालं ना, तर मंगळवारीच कळेल. औषधं आधी सुरू करता येतील, किडनीला जपता येईल. अंदाज आधी आला की हातात वेळ मिळतो."

मी म्हटलं, हो. वेळ तुमच्या हातात मिळेल. आमच्या घरात मंगळवारीच कळलं असतं, तर देवक मंगळवारीच बसलं असतं. हे मी मोठ्याने म्हटलं नाही. त्या 'देवक' म्हणजे काय विचारत बसल्या असत्या, आणि मला तेवढं बोलवणार नव्हतं.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. हळद चालू होती. मागे डीजे दणदणत होता, तरी तो कमी झाल्यासारखा वाटला. त्या परसात आल्या असाव्यात.

"अमिषा, खरं सांग गो बाय. दीस झाला, रितेश म्हणतो मला कायच माहीत नाय. ही काय रीत? किती हाय आकडा?"

"आकडा कशाला, आई? देवक तर बसलंय."

बराच वेळ नुसतं गाणं ऐकू येत राहिलं.

"तुला वाटतं मी पोरीला टाकली," त्या म्हणाल्या.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अगो, देवक बसला का घराला सुतक नाय. आन सुतक नाय तर मरण कशाला येईल? येऊन करेल काय? ते दारातूनच मागारी जातं. म्हणून घाई केली मी. दुसऱ्या कशाला नाय."

"काका असं म्हणाले नाहीत."

"काकाचं काका जाणे. उंबर मी आणायला लावला."

मी त्यांचा आवाज ऐकत होते. सासूबाईंचा आवाज कधी हलत नाही. कोळणीला 'मागच्या वेळची सुरमई शिळी निघाली' असं खोटंच सांगून भाव पाडतात तेव्हाही हलत नाही, आणि सासऱ्यांच्या दहाव्याला नैवेद्याला कावळा शिवेना तेव्हाही हलला नव्हता. त्या खरं सांगत होत्या की आत्ताच, परसात उभं राहून, त्यांनी हे जुळवलं होतं, मला ओळखता येईना. मी माणसांकडे बारीक लक्ष देते, सगळे मला त्यावरून चिडवतात. तरी ओळखता येईना.

"आहे, आई," मी म्हटलं. "आहे ती." आणि फोन बंद केला.

तेव्हा लॅक्टेट दोन पॉईंट सहा होतं. ते माझ्या तोंडात होतं. बाहेर आलं नाही.

शनिवारी सकाळी प्राप्तीची श्वासाची नळी काढली. डॉक्टरांनी दोघांनाही आत बोलावलं. रितेश या वेळी कॉटपर्यंत गेला. ती रडत होती, पण आवाज नव्हता. नळीने घसा सुजतो, दोन-चार दिवसांत येईल आवाज, सिस्टर म्हणाली. तोंड वासलेलं, चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी, आणि काहीच ऐकू येत नाही. रितेश कॉटची दांडी धरून खाली बसला आणि त्याला आवाज फुटला. सिस्टरने त्याला पाणी दिलं. मी प्राप्तीच्या पायाच्या तळव्याला हात लावला. कोमट होता. इतके दिवस थंड होता हे मला तेव्हा कळलं.

"लग्नाला जा," मी रितेशला म्हटलं.

"नाही जात."

"दिपेशच्या पाठीशी कुणीतरी हवं. जा. सांग त्यांना."

तो गेला. रात्रभर ग्रुपवर फोटो येत राहिले. प्राप्तीची नळी निघाली म्हणून दिपेशने मुंडावळ्यांसकट नाचलेला एक व्हिडिओही आला. खाली कितीतरी बदाम. मी एकेक बघितला आणि फोन पालथा ठेवला. मला आनंद झाला असणार. शेजारच्या कॉटवरच्या मुलाची आई मला म्हणाली, "ताई, तुमचं सुटलं, आता तरी हसा." मी तोंड हलवलं.

सोमवारी आम्हाला वॉर्डात हलवलं, आणि दुपारी सासूबाई आल्या. एकट्याच. पहिल्या लाँचने निघून भाऊच्या धक्क्यावरून विचारत विचारत आल्या होत्या. नवी हिरवी नऊवारी, हात कोपरापर्यंत पिवळे. दारातच सिस्टरने अडवलं.

"मावशी, हात धुवा आधी."

"धुतलेत गो. हळद हाय ती. जात नाय."

"तरी परत धुवा."

त्यांनी बेसिनवर साबण लावून हात घासले, वाऱ्यावर वाळवले, तसेच पिवळे घेऊन आल्या. प्राप्ती माझ्या मांडीवर जागी होती. त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. मला बसा म्हणायला हवं होतं.

"नवी सून कशी आहे?" मी विचारलं.

"हाय चांगली. भांबावलीय. घरात देवक तसाच, देवाला जायचं तसंच. सारखी विचारते, आता काय करायचं?"

"म्हणजे? देवक उठवलं नाही?" लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उठवतात, नाहीतर तिसऱ्या दिवशी सकाळी तरी.

"कोण उठवील? तू नाय घरात."

"रितेश तर होता काल."

"रितेशचं काय एकल्याचं?" त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "काका बोलला, चालतं, उठवून टाक, भावकी हसते. मी बोलले हसू दे. पोर घरी येईल, मांडवाखालून आत जाईल, मग तुम्ही दोघं बसा आन उठवा. तवर मांडव हाय तसा राहील. मांडववाला चिडलाय, त्याला पेणला दुसरं लग्न हाय. त्याला बोलले, बांबूला हात लावून बघ."

डॉक्टर म्हणाले होते आणखी आठवडाभर तरी. मी तसं त्यांना सांगितलं.

"मग आठवडा," त्या म्हणाल्या.

वॉर्डातला पंखा आवाज करत होता. समोरच्या पलंगावर कुणीतरी मोसंबं सोलत होतं. मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि या वेळी ओळखायचा प्रयत्न केला नाही. त्या काही मागत नव्हत्या. वाट बघत उभ्या होत्या, लाँच यायच्या आधी जेट्टीवर राहतात तशा, पिशवी दोन्ही पायांच्या मध्ये ठेवून.

प्राप्तीने त्यांच्या पिवळ्या हातांकडे बघितलं. तिचा आवाज अजून आलेला नव्हता. तिने ओठ काढले.

"दे माझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढे वाकून नेहमीसारखे तिच्या काखेत हात घालायला गेल्या.

"तसं नाही," मी म्हटलं. "काखेत धरायचं नाही, छातीचं हाड जुळायचंय अजून. एक हात मानेखाली घाला. दुसरा बुडाखाली. आता उचला. एकदम नको."

त्यांनी मी सांगितलं तसं केलं. एक हात मानेखाली, एक हात बुडाखाली, हळू, उतू जाईल अशा भांड्यासारखी तिला वर घेतली. माझी मांडी एकदम हलकी झाली. कितीतरी वेळ मी पाय सरळ केला नव्हता. मी तो सरळ केला आणि त्याला मुंग्या येऊ लागल्या.